आफ्रिकेची शेती आणि परदेशी भांडवल

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. पीककर्जाचे प्रकरण टेबलावर आले की आधी सातबारा पाहतो. आफ्रिकेच्या शेतीत परदेशी भांडवल येते तेव्हा विद्यार्थी मित्रांनीही जमीन कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.

२००८ साली जगभर धान्याचे भाव भडकले आणि कंपन्या आफ्रिकेत जमिनी शोधू लागल्या. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सचा मादागास्करमध्ये १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांसाठी घेण्याचा बेत उघड झाला. लोक संतापले. २००९ मध्ये तेथील सरकार गडगडले, त्यामागे हेही एक कारण होते. नव्या राजवटीने तो बेत मोडीत काढला.

इथिओपियाचे उदाहरण तर आपल्या देशाशी निगडित आहे. बेंगळुरूची करुतुरी ग्लोबल ही गुलाब पिकवणारी कंपनी. तिला २०१० मध्ये गाम्बेला प्रांतात १ लाख हेक्टर जमीन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली. भाडे हेक्टरी वर्षाला २० बिर, म्हणजे त्या वेळच्या दराने एकरी २०-२२ रुपये. तेव्हाच्या दोन-तीन वडापावांची किंमत! इथिओपियात जमिनीची खाजगी मालकी कायद्याने नाही. त्यामुळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या, शेती करणाऱ्या अनुआक व नुएर लोकांकडे मालकीचा कागद नव्हता, आणि सरकारने जमीन पडीक म्हणून देऊन टाकली. कंपनीचेही भले झाले नाही. २०११ मध्ये बारो नदीच्या पुरात मका बुडाला, लागवड फारच थोडी झाली, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला.

परंतु परदेशी पैसा तेवढा वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. केनियात १९६४ साली लहान चहा-उत्पादकांसाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झाले. जागतिक बँक व ब्रिटनच्या कॉमनवेल्थ डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने कर्जे दिली, सुरुवातीचे काही कारखाने खाजगी चहा कंपन्यांनी चालवून दिले. आज ज्यास सरकारी-खाजगी भागीदारी म्हणतात, ती हीच. जमीन मात्र शेतकऱ्याकडेच राहिली; कोणाची एकर, कोणाची अर्धा एकर. कर्जाची फेड पानांच्या पैशांतून कपात करून झाली. २००० साली प्राधिकरणाची कंपनी झाली आणि कारखान्यांचे भाग उत्पादकांकडे आहेत. असे उत्पादक आज पाच लाखांहून अधिक आहेत. वार्षिक बोनसवरून त्यांची भांडणेही होतात. रिफ्ट दरीच्या पश्चिमेकडच्यांना पूर्वेकडच्यांपेक्षा कमी का मिळते, हा वाद अजून मिटलेला नाही.