चष्म्याचा स्क्रू कुठे मिळतो?

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव... ओतकाम आणि सुट्या भागांसाठी नावाजलेल्या कोल्हापुरात नटबोल्टची वानवा नाही. चष्म्याच्या काडीचा स्क्रू मात्र हार्डवेअरच्या दुकानात शोधण्यात वेळ घालवू नये. तो चष्मेवाल्याकडेच मागावा.

बिजागरीच्या स्क्रूचा व्यास साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर. प्रमाणित १.४ मिलिमीटरच्या स्क्रूवर दोन आट्यांमधले अंतर जेमतेम ०.३ मिलिमीटर असते! त्यामुळे ‘जवळपास बसतो’ म्हणून दुसऱ्या मापाचा स्क्रू दाबून पिळला, की बिजागरीतले आटे जातात आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. या आट्यांसाठी आयएसओ ११३८१ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकच आहे.

दुकानात जाताना चष्मा सोबत न्यावा; जुना स्क्रू सापडला असेल तर तोही. फ्रेम नसलेल्या चष्म्यात काचेतून आरपार जाणारा लांब स्क्रू आणि नट लागतो, हे वेगळे सांगावे.

झटपट चिकटणारा गोंद बिजागरीत मुळीच घालू नये. काडी जखडते, शिवाय त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर बसतो. स्क्रू वारंवार सैल होत असेल, तर त्याच्या माथ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा बारीक थेंब पुरतो.