काकवीवाला, त्याची पेटी आणि आपले तुणतुणे

वॉशिंग्टन फिलिप्स हे नाव आमच्या फार थोड्या वाचकांनी ऐकले असेल. अमेरिकेतल्या टेक्सासमधला हा काळा शेतकरी १८८० साली जन्मला. थोडी जमीन कसायची, खेचराच्या गाडीतून उसाची काकवी विकायची आणि चर्चची गादी नसताना उपदेश करत फिरायचे, हे त्याचे आयुष्य. काकवी म्हटल्यावर आम्हा कोल्हापूरकरांना हा माणूस परका कसा वाटेल?

१९२७ ते १९२९ या काळात कोलंबिया कंपनीने डॅलस शहरात त्याची अठरा गाणी ध्वनिमुद्रित केली. (बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाशी या कंपनीचा संबंध नाही, नाव तेवढे एक.) त्यांतली सोळा आज ऐकायला मिळतात. काळ्यांच्या तबकड्या वेगळ्या मालिकेत विकल्या जात. पाणवठा वेगळा, तशी तबकडीही वेगळी! एका गाण्यात तो साऱ्या पंथांची आणि पैशाच्या मागे लागलेल्या उपदेशकांची खिल्ली उडवतो. आपल्या सत्यशोधक जलशातल्या भटजीच्या सोंगाची आठवण व्हावी, असे ते गाणे आहे.

त्याच्या साथीला घंटानादासारखे किणकिणणारे एक वाद्य आहे. कंपनीने तबकडीवर त्याचे नावच छापले नाही. 'नावीन्यपूर्ण साथ' एवढे छापून मोकळी झाली. पुढे पंडित कित्येक वर्षे तर्क लढवत बसले. काहींनी ते बाजारात मिळणारे वाद्य ठरवून टाकले. काळ्या शेतकऱ्याने स्वतः वाद्य घडवले असेल, हे मानणे एवढे अवघड होते काय?

माणसाचेही तेच झाले. त्याच नावाचा दुसरा एक काळा माणूस १९३८ साली मनोरुग्णालयात क्षयाने वारला. तोच हा गायक, असे लिहिले गेले. मायकेल कॉर्कोरन या पत्रकाराने २००२ साली आधी तसेच लिहिले. मग गावातल्या लोकांकडून माहिती मिळताच त्याने ते दुरुस्त केले. खरा गायक १९५४ पर्यंत आपल्या गावाकडेच होता, जिन्यावरून पडून गेला. आमच्या भागात एका वस्तीत एकाच नावाचे तीन-तीन कांबळे निघतात. तेव्हा हा घोटाळा कसा होतो ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

कोडे सुटले ते जुन्या स्थानिक वर्तमानपत्राच्या चार ओळींनी. १९०७ सालच्या त्या बातमीत दोन बाय तीन फुटांची, सहा इंच खोल पेटी आणि तिच्यावर व्हायोलिनच्या तारा असे वर्णन आहे. त्याने तिला दिलेले नावही त्यात आहे: मँझरीन. २०१६ साली त्याच्या गाण्यांचा संच पुस्तकासह निघाला, तेव्हा हे सर्वांना कळले.

आता आपल्याकडे बघा. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज उभा राहिला, १९२० साली माणगावची परिषद झाली. जलसेकरांच्या तुणतुण्याला कातडे आपल्याच माणसांनी चढवले. वाद्य देवळात गेले, घडवणारा उंबऱ्याबाहेर राहिला, आणि त्याचे नाव कुणी लिहिले नाही. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिले, म्हणून ती माहिती हाती आहे. खेड्यापाड्यांतल्या बाकीच्यांचे काय? त्यांच्या गाण्यांच्या वह्या ट्रंकेत आहेत, डिमडी खुंटीला आहे.

प्रस्थापितांची विद्यापीठे येतील याची वाट बघू नका. वही उघडा, म्हाताऱ्यांना विचारा. गाणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वाद्य कुणी केले आणि त्याला घरात काय म्हणत, हे लिहून या दैनिकाकडे पाठवा. चार ओळी असल्या तरी चालतील.