चांगथांगच्या सरोवरांकडे, सायकलने आणि गटाने

महाराष्ट्रातून मनाली-लेह करायला जाणाऱ्या सायकलस्वारांची संख्या आता कमी नाही. पण त्या महामार्गाच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर असलेल्या त्सो कार आणि त्सो मोरीरी या सरोवरांकडे फार थोडे वळतात. जे वळतात त्यांतले अनेक जण महामार्गाच्याच हिशोबाने जातात: रोज इतके किलोमीटर, अमुक खिंड, तमुक मुक्काम. हा प्रदेश त्या हिशोबात बसत नाही. इथला वेग गटातल्या सर्वांत मागच्या माणसाच्या श्वासावर ठरवावा लागतो.

प्रदेश कसा आहे

त्सो मोरीरी सुमारे 4,500 मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर कोरझोक गाव आणि तिथला जुना गोंपा. त्सो कारही जवळपास त्याच उंचीवर, पण खारं. काठावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात आणि आजूबाजूच्या उतारांवर, आजच्या पाण्यापेक्षा बऱ्याच वर, जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या स्पष्ट ओळखू येतात. पूर्वी हे सरोवर किती मोठं होतं, ते या पायऱ्यांवरून कळतं. दोन्ही सरोवरांचं पाणी आज कुठेच वाहून जात नाही. त्सो कारच्या दक्षिणेला स्टार्टसापुक हे गोड्या पाण्याचं छोटं सरोवर आहे, आणि पक्ष्यांची वर्दळ तिथेच जास्त. त्सो मोरीरीला 2002 मध्ये आणि त्सो कारला 2020 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

वाट कुठल्या बाजूने धरावी

पुष्कळ गट लेहहून उपशी, रुमत्से करत थेट तागलांग ला चढतात आणि मग त्सो कारला उतरतात. ही खिंड सुमारे 5,300 मीटरची. शरीर सरावण्याआधीच सर्वांत मोठी चढाई समोर येते. माझं मत उलट्या दिशेचं आहे. उपशीहून सिंधूच्या काठाने चुमाथांग, तिथून माहे पूल, सुमडो आणि नामाशांग ला ओलांडून कोरझोक. नंतर सुमडोला परत येऊन पुगाच्या खोऱ्यातून पोलोकोंगका ला चढायचा आणि त्सो कारला उतरायचं. पुगामध्ये रस्त्यालगतच गरम पाण्याचे झरे उकळत असतात, गंधकाचा वास दुरूनच येतो. तागलांग ला शेवटी घ्यायचा, तोवर फुप्फुसं सरावलेली असतात. सिंधूकाठचा चढ हळूहळू वाढत जातो, आणि तिथे कुणाला त्रास झालाच तर नदीच्या खालच्या अंगाला उतरता येतं.

श्वासाचं गणित

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, लेह 3,500 वर. विमानाने हा फरक काही तासांत पार होतो. शरीराला मात्र दिवस लागतात. त्सो मोरीरीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 55 ते 60 टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातला ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. सिंहगड आणि ताम्हिणीच्या सरावाने पाय आणि दम तयार होतो. विरळ हवेची सवय होत नाही. उलट पायांत ताकद असलेला माणूस पहिल्या दिवसांत नको तितका जोर लावतो आणि आजारी पडतो.

म्हणून 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही उंचीच्या आजाराची पहिली खूण. तेव्हा आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला हटत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर थांबून वाट पाहू नये. त्या माणसाला लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. त्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

इथे एक गोष्ट नकाशावर नीट पाहून ठेवा. त्सो कार हे चारी बाजूंनी उंचवट्यांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे. कुठल्याही वाटेने बाहेर पडायचं तर आधी चढावं लागतं. कोरझोकहून परततानाही नामाशांग ला आडवा येतोच. आजारी माणूस सायकलवर हे करू शकत नाही. म्हणून ऑक्सिजन सिलिंडर असलेली सोबतची गाडी या मार्गावर सक्तीची समजावी.

गट कसा चालवावा

सहा ते दहा जण पुरेत. पुढे वाट माहीत असलेला एक, सर्वांत मागे दुरुस्ती येणारा एक, बाकीचे जोडीने. प्रत्येक फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत सगळे थांबतात. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, हा सीमाभाग आहे, हे विसरू नका. पहाटेपासून दुपारपर्यंत सायकल चालवावी. दुपारनंतर असा वारा सुटतो की उतारावरही पेडल मारावं लागतं.

सायकल आणि सुटे भाग

रस्ता कुठे डांबरी, कुठे कच्चा, आणि कच्च्या भागात पन्हळी पत्र्यासारखा. या हादऱ्यांनी कॅरिअरचे आणि बाटलीच्या स्टँडचे स्क्रू हळूहळू सैल होतात, आणि एखादा पडल्यावरच लक्षात येतं. रोज संध्याकाळी पाना फिरवून सगळे तपासावेत. बारीक धूळ चेनवर चिकटून तेलाची लापशी होते. आधी कोरड्या फडक्याने पुसायची, मगच थोडं तेल. डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो आपला आपणच न्यावा. ट्यूब, ब्रेक पॅड, स्पोक यांचंही तेच. लेह सुटलं की हे मिळण्याची आशा धरू नये.

काठावरचं गवत कुणाचं

या पठारावर चांगपा लोक मेंढ्या, याक आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या चारतात. पाण्याकाठच्या ओल्या गवतावर त्यांचा कळप जगतो. त्याच गवताळ दलदलीत काळ्या मानेचा क्रौंच घरटं करतो. हा लडाखचा राज्यपक्षी. हिवाळ्यात उजनी, जायकवाडीला येणाऱ्या पट्टकदंबांच्या जातीचे पक्षीही उन्हाळ्यात या सरोवरांवर पिलं वाढवतात.

त्सो कारच्या सपाटीवर एका वाटेशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी अशा चाकोऱ्या पडल्या आहेत. पुढच्याची धूळ नको म्हणून मागचा बाजूने जातो आणि आणखी एक पट्टा उघडा पडतो. इथला उन्हाळा इतका छोटा की मोडलेलं गवत भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. सायकलचं चाक हलकं, हे खरं. पण दहा चाकं एकामागे एक दलदलीवरून गेली की चर पडतोच. फोटोसाठी पाण्यापर्यंत सायकल नेऊ नका. दुसरा धोका उष्ट्याचा. तंबूंभोवती टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच क्रौंचाची अंडी, पिलं खातात. उरलेलं अन्न न पुरता, न फेकता, कचऱ्यासकट गाडीतून लेहला परत आणा.

नियोजन करताना

मोसम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. ऑगस्टमध्येही रात्री कडाक्याची थंडी पडते, त्यामुळे झोपण्याच्या पिशवीत काटकसर नको. ओळखपत्र जवळ ठेवा. शुल्क आणि परवान्याचे नियम बदलत असतात, ते लेहमध्ये पोहोचल्यावर विचारून घ्या. रजा कमी पडत असेल तर त्सो कार वगळा आणि कोरझोकहूनच परत फिरा, पण लेहमधले सुरुवातीचे विश्रांतीचे दिवस कापू नका.