‘जोर संपला’ की घर्षणाने थांबवले? : बालवयातील बल व गती या संकल्पनांचे कृतियुक्त अध्यापन

बीजसंज्ञा : बल, गती, घर्षण, पूर्वकल्पना, कृतियुक्त अध्यापन

प्रस्तावना :

अंगणात घरंगळत गेलेला चेंडू थांबला की पाच-सहा वर्षांचे मूल सहज म्हणते, ‘त्याचा जोर संपला.’ या लहानशा वाक्यात एक संपूर्ण उपपत्ती सामावलेली आहे. ढकलणाऱ्याने चेंडूत जोर भरला, जोर होता तोवर चेंडू चालला आणि जोर सरल्यावर तो थांबला, असा तिचा आशय होय. न्यूटनच्या गतिविषयक पहिल्या नियमाशी मात्र ती जुळत नाही. त्या नियमानुसार गती टिकून राहण्यासाठी बल लागत नाही. गतीत बदल घडण्यासाठी ते लागते. बल व गती यांचा परिचय कृतींद्वारे करून देताना मुलाच्या या पूर्वकल्पनेचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रश्न केवळ प्राथमिक शिक्षकांचा नाही. हीच कल्पना महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचते.

पूर्वकल्पनेचे स्वरूप :

मुलाची ही कल्पना म्हणजे निव्वळ अज्ञान नव्हे. जेथे घर्षण सर्वत्र आहे, अशा जगातील अनुभवाचे ते प्रामाणिक सार आहे. ओढणे थांबवले की गाडी थांबते, हे मूल रोज पाहते. विचारवंतांनीही याच वाटेने विचार केलेला आढळतो. वैशेषिक दर्शनात बाणाची पहिली गती नोदनामुळे आणि पुढील गती ‘वेग’ नावाच्या संस्कारामुळे होते, तो संस्कार उरला नाही म्हणजे गुरुत्वामुळे बाण खाली पडतो, असे विवेचन आहे. युरोपात ॲरिस्टॉटलने चलनासाठी चालकाची आवश्यकता मानली, तर चौदाव्या शतकात ब्यूरिदां याने फेकलेल्या वस्तूत ‘इम्पेटस’ नावाची प्रेरणा साठते असे प्रतिपादन केले. सतराव्या शतकात गॅलिलिओने उतरणीवरील प्रयोगांतून या विचाराची दिशा बदलली आणि १६८७ मध्ये न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे नियम सुस्पष्टपणे मांडले गेले. जी कल्पना बदलण्यास विद्वानांना अनेक शतके लागली, ती एका तासिकेत व्याख्या सांगून बदलेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

यात भाषेचाही वाटा आहे. बल, जोर, ताकद आणि शक्ती हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘गती वाढली’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला वेग अभिप्रेत असतो. पाठ्यपुस्तकातील ‘बल’ हा शब्द मुलाच्या कानावर पडतो तेव्हा त्याच्या मनात आधीच असलेल्या ‘जोर’ या शब्दाला तो जाऊन चिकटतो. परिणामी नवी संज्ञा येते, पण अर्थ जुनाच राहतो.

महाविद्यालयापर्यंतचा प्रवास :

जॉन क्लेमेंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. नाणे सरळ वर उडवले आहे. ते हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणती बले कार्य करतात? हवेचा विरोध सोडल्यास उत्तर एकच आहे, ते म्हणजे खालच्या दिशेने कार्य करणारे गुरुत्वाकर्षण. तथापि बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वरच्या दिशेनेही बल दाखवले. नाणे वर जाते आहे, म्हणजे वर नेणारे बल असलेच पाहिजे, हा त्यामागील तर्क होता. अंगणातील चेंडूचा ‘जोर’ येथे बाणाच्या आकृतीचे रूप घेऊन आला, इतकेच.

कृती आवश्यक, परंतु पुरेशी नाही :

कृतियुक्त विज्ञानशिक्षणाची परंपरा आपल्याकडे नवीन नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि २००२ मध्ये बंद करण्यात आलेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळ व कृती यांवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केलेला आहे. मात्र कृती म्हणजे केवळ साहित्याची हाताळणी असा अर्थ घेतला, तर मूल रमते आणि त्याची कल्पना होती तशीच राहते. उतरणीवरून गोटी सोडली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, शिक्षकांनी फळ्यावर निष्कर्ष लिहिला. या क्रमात मुलाला स्वतःचे मत मांडण्यास व ते पडताळण्यास अवसरच मिळत नाही. म्हणून भाकीत, कृती, निरीक्षण व चर्चा असा क्रम हेतुपुरस्सर राखावा लागतो. खालील तीन कृती पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी असून त्यांना विकतचे साहित्य फारसे लागत नाही.

१. फुंकरीचा खेळ : टेबलावर हलका प्लॅस्टिकचा चेंडू ठेवावा व मुलांना शीतपेयाची नळी द्यावी. चेंडूला हात न लावता तो हलवणे, चालता चेंडू थांबवणे आणि त्याची दिशा बदलणे, अशी तीन कामे सांगावीत. थांबवण्यासाठी समोरून फुंकर मारावी लागते, हे मुले स्वतः शोधून काढतात. सुरू करणे, थांबवणे व वळवणे ही तिन्ही बलाचीच कामे आहेत, हा अनुभव त्यातून मिळतो. ‘थांबणे’ म्हणजे बल संपणे नव्हे, तर विरुद्ध दिशेने बल लागणे, याचे बीज येथे पडते.

२. गोटी आणि तीन जमिनी : पुस्तकांच्या थप्पीवर फळी टेकवून उतरण करावी. तिच्या पायथ्याशी प्रथम गोणपाट, नंतर सतरंजी आणि शेवटी नुसती गुळगुळीत फरशी ठेवावी. गोटी प्रत्येक वेळी एकाच खुणेपासून, न ढकलता सोडावी. ती कोठवर जाईल ते मुलांनी आधी खडूने दाखवावे, मग प्रत्यक्ष अंतर विती किंवा दोरी वापरून मोजावे. गोटी फरशीवर सर्वांत दूर जाते. आता प्रश्न विचारावा : उतरण तीच, गोटी तीच, मग तिचा ‘जोर’ गोणपाटावर लवकर कसा संपला? काही मुले म्हणतील, ‘गोणपाटाने अडवले.’ पुढचा प्रश्न असा : फरशी याहून गुळगुळीत असती तर? आणि अडवणारे काहीच नसते तर? गॅलिलिओच्या विचाराची दिशा हीच होती. कॅरमच्या पटावर पावडर टाकण्यापूर्वी व टाकल्यानंतर स्ट्रायकर कसा सरकतो, याचा घरचा अनुभव येथे जोडता येतो.

३. न हलणारी दोरी : रस्सीखेच खेळताना दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर दोरी जागची हलत नाही. तेव्हा विचारावे, ‘कोणी ओढत नाही का?’ हातांना बसणारा ताण हेच मुलांचे उत्तर असते. ‘हालचाल नाही, म्हणजे बल नाही’ या दुसऱ्या गैरसमजाला या खेळात छेद जातो. एका बाजूचे एक मूल कमी केले की दोरी सरकू लागते. बलांचा तोल बिघडला म्हणजे गतीत बदल होतो, हे मूल त्या क्षणी अनुभवते.

शिक्षकाची भूमिका :

या वयात व्याख्या पाठ करून घेण्याचे प्रयोजन नाही. मुलाचे भाकीत चुकले तरी ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहावे आणि निरीक्षणानंतर पुन्हा वाचावे. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त मात्र आग्रहाने पाळावी. मूल ‘जोर संपला’ म्हणाले तर ‘तसे नव्हे, घर्षण’ अशी दुरुस्ती करू नये. ‘जोर गेला कोठे?’ एवढेच विचारावे. या प्रश्नावर मूल थांबून विचार करते आणि अध्यापनाला खरा आरंभ तेथे होतो.

समारोप :

बालवयातील कृती ही गतिविज्ञानाची सोपी आवृत्ती नसून मुलाच्या स्वतःच्या उपपत्तीची पहिली कसोटी आहे. ती कसोटी प्राथमिक शाळेत झाली नाही, तर विद्यार्थी पुढे सूत्रे वापरून उदाहरणे सोडवतो आणि मनात मात्र जुनाच ‘जोर’ बाळगतो. उद्याचे शिक्षक आज अध्यापक महाविद्यालयात किंवा पदवीच्या वर्गात आपल्यासमोर बसलेले आहेत. त्यांना वर उडवलेल्या नाण्याचा प्रश्न सत्राच्या पहिल्याच दिवशी विचारावा आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. ज्यांचे उत्तर चुकेल, त्यांनाही उतरण, गोटी आणि गोणपाट देण्यास संकोच करण्याचे कारण नाही.