बंब, गीझर आणि त्यांचे आयुष्य

आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर अद्याप धड आहे आणि न्हाणीघरातील विजेचा गीझर मात्र दहा वर्षांतच गळू लागला, हे कसे, असे एखाद्या मुलाने वर्गात विचारल्यास शिक्षकास त्याचे समाधान करता आले पाहिजे.

बंबाच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण तांबे हे होय. साध्या पाण्याचा तांब्यावर फारच मंद परिणाम होतो. लोखंड मात्र पाणी व त्यात विरघळलेला प्राणवायू यांच्या योगाने गंजते. शिवाय बंब बंदिस्त नसल्यामुळे त्यात दाब साठत नाही. त्याचा खरा शत्रू कोरडा जाळ. आत पाणी आहे तोवर मधल्या नळीचा पत्रा फारसा तापत नाही. पाण्यावाचून विस्तव घातला की डाख देऊन दुरुस्त केलेले सांधे सुटतात. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, परंतु कथिलाचा डाख अडीचशे अंशांच्या आतच पातळ होतो. ‘आधी पाणी, मग जाळ’ ही वडीलधाऱ्यांची ताकीद शास्त्रशुद्धच होती.

गीझरची टाकी बहुधा पोलादी असून तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. मुलाम्यात कोठे ना कोठे सूक्ष्म छिद्र राहतेच. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवितात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने प्रथम तेच झिजते व टाकी वाचते. जहाजांच्या तळाचे तांबे वाचविण्यासाठी हंफ्री डेव्ही याने १८२४ साली जस्त व लोखंड यांची अशीच योजना केली होती. कांडी संपली की पाळी टाकीची. अशी टाकी सामान्यतः आठ ते बारा वर्षे टिकते; एक-दोन वर्षांनी कांडी तपासून वेळीच बदलल्यास अधिक. परंतु अशी काही कांडी असते, हेच पुष्कळ घरी ठाऊक नसते !

पाणी जड असल्यास तापताना क्षारांचा थर विजेच्या दांडीवर चढतो. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही व दांडी जळते. ती बदलता येते. टाकीच गळू लागली, तर मात्र गीझरचे आयुष्य संपले असे समजावे.

एका गोष्टीविषयी पालकांना अवश्य सांगावे. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत तापविले असता सुमारे दीड टक्का प्रसरण पावते. त्यामुळे वाढलेल्या दाबाने सुरक्षा-झडपेतून काही थेंब ठिबकतात. ते थांबविण्यासाठी कित्येक जण झडपेस बूच मारतात. तापमान-नियंत्रक बिघडला असता अशी बंद टाकी फुटू शकते. ठिबक सतत चालू राहिल्यास झडप जाणकाराकडून तपासून घ्यावी. बूच कदापि मारू नये.

वर्गात दोन पेल्यांत मिठाचे पाणी घेऊन एकात नुसता लोखंडी खिळा व दुसऱ्यात जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला खिळा ठेवावा. दोन-तीन दिवसांत पहिला तांबूस होईल. दुसऱ्याच्या पट्टीवर पांढुरका थर दिसेल. तो मुलांस बोटाने खरवडून पाहू द्यावा.