कंबरदुखी आणि खिशाचा हिशेब

हळदीचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रांग वाढते. काढणीला दिवसभर वाकणाऱ्या बाया, हळद शिजवणारे गडी आणि मोंढ्यात पोती वाहणारे हमाल. अशाच एका हंगामात वसमतकडचे एक हमालमामा मुलासोबत आले. आठ दिवसांपूर्वी पोते उचलताना पाठीत उसण भरली होती. मामा म्हणाले, "साहेब, मोठ्या शहरात हाडं कटकन बसवून देतात म्हणं. पोरानं मोबाईलवर दाखवलं. दहा बैठकांचे पैसे आधीच भरावे लागतात. आडत्याकडून उचल घ्यावी का?"

प्रश्न औषधाचा होता तसा उचलीचाही होता. म्हणून आज कंबरदुखीच्या खर्चाबद्दल थोडे लिहितो.

मामा म्हणत होते त्या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. १८९५ साली अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी तो सुरू केला. मणक्याच्या सांध्यांना हाताने ठरावीक झटका देणे हे त्याचे मुख्य अंग. 'कट' असा आवाज आला म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसले, असे मात्र नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची जुनी रीत आहे. त्या उपायाला निदान उचल तरी घ्यावी लागत नाही!

या उपचाराचा उपयोग होतो का? थोडा होतो. ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराला अशा हस्तोपचाराची जोड दिली, तर काहीसा जास्त आराम पडतो आणि सरकारने केलेला खर्चही वाया जात नाही, असे त्यात दिसले. हे उपचार कायरोप्रॅक्टरांप्रमाणे फिजिओथेरपिस्टनीही केले होते. पण तिथे खर्च सरकारी आरोग्यसेवा करते. आपल्या मामांना तो उचल घेऊन करायचा होता.

दुसरा अभ्यास आपल्या जास्त कामाचा आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२१ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला फक्त माहितीची एक पुस्तिका दिली. दोन वर्षांत माणशी सरासरी खर्च आला अनुक्रमे ४२९, ४३७ आणि १५३ डॉलर. पहिल्या दोन गटांतले रुग्ण उपचारावर जास्त खूश होते. मात्र दुखणे कमी होण्यात फरक अगदी थोडा पडला, आणि कामाचे बुडालेले दिवस व दुखणे पुन्हा उलटणे यांत तर म्हणण्यासारखा फरकच नव्हता. नव्याने भरलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते, हे त्याचे मोठे कारण.

मग अंथरूण धरून पडावे का? तेही नको. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले, पडून राहणाऱ्यांना सर्वांत जास्त दिवस लागले.

दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांसोबत हस्तोपचारालाही जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे मात्र सरसकट करू नये, असे म्हटले आहे.

काही खुणा दिसल्या तर पैशाचा विचार न करता लगेच डॉक्टरांकडे जावे. पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, पडल्यानंतर किंवा कर्करोग झालेल्याला सुरू झालेले दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आढळतो. अशा पाठीला कुणाकडूनही झटका देऊन घेणे धोक्याचे आहे. शिवाय ॲलोपॅथी किंवा आयुर्वेदाप्रमाणे कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र परिषद आपल्या देशात नाही. झटका देणाऱ्याचे शिक्षण काय, हे आपणच विचारून घ्यावे लागते.

मामांना तपासले. यांपैकी एकही खूण नव्हती. मी सांगितले, "मामा, उचल घेऊ नका. आठ-दहा दिवस पोते उचलू नका, पण घरात पडूनही राहू नका. सकाळ-संध्याकाळ चाला, गरम पाण्याने शेका." गोळ्या मोजक्याच दिल्या. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊन महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते, तो खर्च वेगळाच. दुखणे लांबले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीची चौकशी करा, असेही सुचवले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

तीन आठवड्यांनी मामा चालत आले. दुखणे पूर्ण गेले नव्हते, पण हलकी कामे सुरू झाली होती. उचल घेतली नव्हती, याचे समाधान मामांपेक्षा मुलाच्या चेहऱ्यावर जास्त दिसले.

आता थोडे मालकवर्गासाठी. पुरुष कामगाराला ५५ किलोपेक्षा जास्त ओझे हाताने वाहावे लागत असेल तर ते कमी करावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. पोते लहान भरणे, ढकलगाडी ठेवणे, जड पोत्याला दोन माणसे लावणे याला फार खर्च येत नाही. हमालांनीही गुडघे वाकवून, पोते अंगाशी धरून उचलावे. ओझे घेऊन कमरेत वळू नये, पावले टाकून वळावे. कंबरदुखीवर याहून स्वस्त औषध मला तरी माहीत नाही.