शहाण्णव ठोके

भाच्याचे पैसे ज्या क्रिप्टो एक्स्चेंजवर होते, तिथे एका सकाळी पैसे काढणं बंद झालं. आकडा खात्यात दिसत होता, हाती येत नव्हता. त्या दिवसांतला त्याचा उतरलेला चेहरा मी विसरलो नव्हतो. म्हणून थोडे पैसे सुटल्यावर तो म्हणाला, ‘मामा, रविवारी स्वतःचं वॉलेट लावतोय, या बघायला,’ तेव्हा मी लगेच भोसरीला गेलो.

वॉलेट म्हटलं तरी त्यात कॉइन नसतात. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते, वॉलेट सांभाळतं ती चावी. एक्स्चेंजवर ठेवलं की चावी त्यांच्या हाती. २०१४ साली टोकियोचं माउंट गॉक्स एक्स्चेंज बुडालं, तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं जाहीर झालं. त्यातले दोनेक लाखच पुढे सापडले. मोबाइल ॲपमध्ये चावी आपली, पण फोन सदा इंटरनेटवर. भाच्याने निवडलं होतं पेन ड्राइव्हएवढं हार्डवेअर वॉलेट. व्यवहारावरची सही ते आतल्या आत करतं, चावी बाहेर पडत नाही. मागवलंही थेट कंपनीकडून. ‘खोक्यात शब्द आधीच लिहून आले, तर समजायचं की पाठवणाऱ्याला ते पाठ आहेत.’

शब्द म्हणजे २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून यंत्राने काढून दिलेले २४. यंत्र हरवलं तरी त्यांवरून सगळं परत मिळतं. दुसऱ्याच्या हाती ते लागले, तर सगळं त्याचं. त्यांचा फोटोही काढायचा नाही. कागद भिजतो, जळतो, म्हणून समोर स्टेनलेस स्टीलची पट्टी होती.

दाजींची उमर टूलरूममध्ये गेली. त्यांनी कपाटावरून अक्षरांच्या पंचांचा लाकडी डबा काढला. झाकण उघडताच जुन्या तेलाचा वास आला. भंगाराच्या तुकड्यावर त्यांनी मुलाला एक अक्षर मारून दाखवलं. पंच सरळ धरायचा, ठोका एकच. दुसरा मारला की अक्षर दुहेरी उमटतं. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे चारच ठोकली तरी शब्द कळतो. दाजींनी तोंडी हिशेब केला, ‘म्हणजे फार तर शहाण्णव ठोके.’

मग भाचा म्हणाला, ‘मामा, बाबा, आता तुम्ही बाहेर बसा.’

दार लागलं. बघायला आलेला मी बंद दाराकडे बघत बसलो. बहिणीने चहा आणला, दाजींनी कप उचललाच नाही. आतून ठक्. थोड्या वेळाने ठक्. अक्षर एकही दिसत नव्हतं, पण ठोका त्यांना कळत होता. मध्येच पुटपुटले, ‘हा तिरका बसला.’ शहाण्णव ठोके संपेस्तोवर चहावर साय धरली होती.

पुढचं भराभर झालं: थोडी रक्कम पाठवली, यंत्र पुसलं, पट्टीवरून पुन्हा उभं केलं, रक्कम दिसली, मग बाकीची हलवली.

यंत्र कुठलं घ्यावं, हे विचारत मी गेलो होतो. आता वाटतं, आधी ठरवावं ते हे की पट्टी कुठे राहील आणि आपल्यामागे ती कुणाला सापडेल. जपून ठेवलेलं घरच्यांना कधी मिळालंच नाही, तर तेही बुडालंच.

पट्टी पाकिटात घालून भाचा बाहेर आला. दाजी म्हणाले, ‘काय लिहिलंयस ते सांगू नकोस. कुठे ठेवतोयस, तेवढं आईला आणि मला सांग.’

भाच्याने मान हलवली आणि दोघांना आत नेलं. या वेळी बाहेर मी एकटाच थांबलो.